त्याच्या नावाचं शहर, तिच्या वाट्याची कुजबूज

मेलबर्न म्हटलं की आपल्याला काय आठवतं? क्रिकेट! डिसेंबरच्या थंडीत घरातली मंडळी पहाटे पाचला उठून टीव्हीसमोर बसतात आणि आपण डोळे चोळत चहाचं आधण ठेवतो. ऑस्ट्रेलियातल्या त्या शहराला हे नाव १८३७ साली मिळालं, तेही इंग्लंडच्या तेव्हाच्या पंतप्रधानांवरून. लॉर्ड मेलबर्न त्यांचं नाव. गंमत अशी, की नकाशावर हे नाव चढायच्या जेमतेम एक वर्ष आधी, १८३६ च्या जूनमध्ये, याच गृहस्थांचं नाव लंडनच्या गल्लोगल्ली भलत्याच कारणाने गाजत होतं. एका लग्न झालेल्या, तीन मुलांच्या आईशी ते जोडलं गेलं होतं.

त्या बाईचं नाव कॅरोलिन नॉर्टन. आज मला तिची गोष्ट तुम्हाला सांगायची आहे.

पुढाऱ्यांच्या भानगडींच्या बातम्या आपण सगळ्याच चवीने वाचतो. उगाच नाही कशाला म्हणू? मीही वाचते. कोण कुणाबरोबर दिसलं, कुणाची खुर्ची जाणार, कुणाला आतून कुणाचा पाठिंबा, हे सगळं चहाबरोबर छान लागतं. त्या पुढाऱ्याचं पुढे काय झालं ते आपल्याला पेपरात कळतंही. पण त्या कंडीत जिचं नाव गुंफलेलं असतं, त्या बाईचं काय झालं, हे मात्र कुणी छापत नाही. कॅरोलिनचं काय झालं ते तिने स्वतःच लिहून ठेवलं, म्हणून तर आपल्याला ते कळलं.

कॅरोलिनचा जन्म १८०८ सालचा, लंडनमधला. आजोबा रिचर्ड शेरिडन म्हणजे त्या काळचे नामवंत नाटककार आणि पार्लमेंटमधले गाजलेले वक्ते. घराणं मोठं, पण नुसतंच नावाचं. कॅरोलिन लहान असतानाच, १८१७ मध्ये, वडील गेले. आई विधवा, पदरात मुलं, हाती पैसा नाही. शेरिडनांच्या पुण्याईवर हॅम्प्टन कोर्ट या राजवाड्यात राहायला काही खोल्या मिळाल्या, एवढाच काय तो आधार. हेलन, कॅरोलिन आणि जॉर्जियाना या तिघी बहिणी दिसायला इतक्या देखण्या, की लोक मुद्दाम वळून बघत. कॅरोलिनचे डोळे काळेभोर आणि जिभेला धार! हजरजबाबीपणा आजोबांकडून आलेला.

ती शाळेत असतानाच जॉर्ज नॉर्टन नावाच्या तरुणाने तिला पाहिलं आणि आईकडे मागणी घातली. हा एका लॉर्डचा धाकटा भाऊ, वकिली शिकलेला. मुलगी अजून सोळाची आहे म्हणून आईने तेव्हा थांबवलं. पण तीन मुली, हुंड्याला दमडी नाही, स्थळ चांगलं म्हणायचं! आपल्याकडच्या कितीतरी आयांनी असाच हिशेब केलेला असतो. १८२७ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, कॅरोलिन मिसेस नॉर्टन झाली.

लग्नानंतर थोड्याच दिवसांत माणूस कळला. चिडला की हात उगारायचा, लाथ मारायचा. एकदा तर तापलेली चहाची किटली त्याने तिच्या हातावर टेकवली. हे सगळं तिने पुढे स्वतः लिहिलंय. कमाईचंही रडगाणंच होतं. वकिली चालेना. पार्लमेंटची जागा होती, ती १८३० च्या निवडणुकीत गेली. मग घर कुणी चालवलं? कॅरोलिनने! ती कविता लिहायची, कादंबऱ्या लिहायची, बायकांच्या मासिकाचं संपादन करायची. पहिल्या पुस्तकाच्या पैशांतून पहिल्या बाळंतपणाचा खर्च निघाला. पण कायद्याने तो पैसा तिचा नव्हताच. लग्न झालं की नवरा-बायको मिळून कायद्यापुढे एकच माणूस, आणि तो माणूस म्हणजे नवरा. बायकोची कमाई, तिचे दागिने, अगदी अंगावरचे कपडेसुद्धा नवऱ्याचे.

आता गोष्टीत मेलबर्न येतात. नवऱ्यानेच तिच्यामागे लकडा लावला, की तुझ्या माहेरच्या ओळखी आहेत, मला कुठेतरी चिकटव. मेलबर्न तेव्हा गृहमंत्री होते. तिने त्यांना गळ घातली आणि १८३१ मध्ये जॉर्जला मॅजिस्ट्रेटची नोकरी मिळाली, पगार वर्षाला एक हजार पौंड. मेलबर्न पन्नाशीचे, बायको वारलेली, बोलायला रसिक. कॅरोलिनचं घर पार्लमेंटपासून चालत जाण्याच्या अंतरावर. कामावरून परतताना ते तिच्याकडे थांबू लागले. पुस्तकांवर, राजकारणावर गप्पा रंगायच्या. हे जॉर्जला ठाऊक नव्हतं असं नाही. चांगलंच ठाऊक होतं, आणि जोवर त्यातून फायदा होता तोवर त्याने हूं की चूं केलं नाही.

पण शहर बघत होतं. मंत्र्याची गाडी किती वाजता आली, किती वाजता गेली, पडदे ओढलेले होते की उघडे, याच्या नोंदी आपल्या गल्लीत ठेवल्या जातात तशाच तिथेही ठेवल्या जात. लंडनमध्ये तेव्हा केवळ अशा कुचाळक्यांवर चालणारी साप्ताहिकं होती. त्यात आडून आडून मजकूर येऊ लागला. मेलबर्न याआधीही एकदा अशाच आरोपात अडकून सुटले होते, त्यामुळे तिखटमीठ लावायला आणखी सोपं गेलं. आणि कॅरोलिन? ती मोठ्याने हसायची, पुरुषांशी बरोबरीने वाद घालायची. तेवढा पुरावा लोकांना पुरे होता.

१८३४ मध्ये मेलबर्न पंतप्रधान झाले, मध्ये काही महिने पायउतार होऊन १८३५ मध्ये पुन्हा आले. सरकार त्यांच्या व्हिग पक्षाचं, विरोधात टोरी. जॉर्ज नॉर्टन आणि त्याचा लॉर्ड भाऊ, दोघेही टोरी. १८३६ च्या ईस्टरच्या सुट्टीत नवरा-बायकोचं कडाक्याचं भांडण झालं. ती बहिणीकडे काही वेळ गेली, तेवढ्यात जॉर्जने तिन्ही मुलांना घरातून हलवलं. फ्लेचर सहा वर्षांचा, ब्रिन्सली चारचा आणि धाकटा विल्यम अवघा दोन वर्षांचा. ती धावत गेली, दारावर उभी राहिली. मुलांचे आवाज तिला ऐकू येत होते, पण दार उघडलं नाही. कायदा सांगत होता की मुलं बापाची. दूधपितं पोर असलं तरी ते कुणाकडे ठेवायचं, आईला दाखवायचं की नाही, हे सगळं बापाच्या मर्जीवर.

मग जॉर्जने पुढचा डाव टाकला. पंतप्रधानांनी माझ्या बायकोशी संबंध ठेवले आणि माझं नुकसान केलं, असा दावा त्याने ठोकला आणि भरपाई मागितली दहा हजार पौंड. म्हणजे त्याच्या स्वतःच्या दहा वर्षांच्या पगाराएवढी! अशा दाव्याची तेव्हा कायद्यात रीतसर सोय होती. बायको ही नवऱ्याची मालमत्ता, तिला कुणी हात लावला तर मालकाला भरपाई. जॉर्जच्या मागे टोरी पुढारी आहेत, सरकार पाडायचा हा डाव आहे, ही दुसरी कुजबूज लगेच सुरू झाली. एका घरातलं भांडण आता देशाचं राजकारण झालं होतं. मेलबर्ननी राजे चौथे विल्यम यांच्याकडे राजीनामा देऊ केला. राजाला हे सरकार फारसं आवडत नव्हतं, तरी त्याने तो घेतला नाही.

२२ जून १८३६ ला खटला उभा राहिला. कोर्टात पाय ठेवायला जागा नव्हती. आणि मैत्रिणींनो, जिच्या अब्रूचा हा खटला, तिला तिथे जागाच नव्हती! वादी नवरा, प्रतिवादी मेलबर्न. कॅरोलिन कुणीच नव्हती. तिला वकील नाही, साक्ष द्यायची परवानगी नाही. तिच्या झोपायच्या खोलीवर, तिच्या कपड्यांवर भर कोर्टात दिवसभर चर्चा झाली आणि ती आईच्या घरी निकालाची वाट बघत बसून होती.

साक्षीदार म्हणून उभे केलेले लोक म्हणजे बहुतेक कामावरून काढलेले नोकर. त्यातला गाडीवान तर पक्का दारुडा. मेलबर्नची पत्रं पुरावा म्हणून वाचली, तर त्यात काय? आज येतो, अमुक वाजता येतो, एवढंच! वार्ताहरांच्या बाकावर एक चोवीस वर्षांचा तरुण बसून हे सगळं टिपून घेत होता. त्याचं नाव चार्ल्स डिकन्स. त्याच्या ‘पिकविक पेपर्स’मधला तो गमतीदार खटला, ज्यात अगदी साध्यासुध्या चिठ्ठ्यांतून प्रेमप्रकरण शोधून काढलं जातं, तो याच दिवसावरून सुचला असं मानतात.

रात्री उशिरा खटला संपला. ज्युरीतल्या लोकांनी आत जाऊन विचार करायचीही तसदी घेतली नाही. जागेवरच ठरवलं, दाव्यात काही तथ्य नाही. मेलबर्न सुटले, सरकार वाचलं. पुढच्याच वर्षी अठरा वर्षांची व्हिक्टोरिया राणी झाली आणि मेलबर्न तिचे सर्वांत विश्वासू सल्लागार झाले. त्याच वर्षी तिकडे ऑस्ट्रेलियात एका शहराला त्यांचं नाव मिळालं.

आणि कॅरोलिन? ती निर्दोष ठरली, तिथेच तर ती अडकली! गुन्हा सिद्ध झाला नाही म्हणून नवऱ्याला घटस्फोट मिळेना. आणि मारहाण करतो म्हणून बायकोला घटस्फोट मिळावा, अशी तर कायद्यात सोयच नव्हती. म्हणजे ती त्याचीच बायको राहिली. तिची कमाई त्याची, मुलं त्याची. मुलांना त्याने स्कॉटलंडला आत्याकडे पाठवून दिलं. मेलबर्न सावध झाले, अंतर राखू लागले. ओळखीच्या बायकांनी बोलावणं बंद केलं. निकाल लागला होता खरा, पण आग असल्याशिवाय धूर कसा येईल, हे वाक्य कुठलं कोर्ट कसं पुसणार?

दुसरी एखादी खचली असती. ही लिहायला बसली. मुलांवर आईचा काही हक्क असतो की नाही, या एका प्रश्नावर तिने पत्रकं लिहिली, छापली, खासदारांना वाटली. एक तर पुरुषाचं टोपणनाव घेऊन लिहिलं, कारण बाईने लिहिलंय म्हटल्यावर वकील मंडळी वाचणार नाहीत हे ती ओळखून होती. टॅलफोर्ड नावाच्या खासदाराने विधेयक मांडलं. १८३८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने ते फेटाळलं. आता पंतप्रधान कुणामुळे याच्यामागे आहेत, ही खासदार मंडळी रात्री कुणाच्या घरी जातात, अशा नव्या कंड्या पिकल्याच. पण १८३९ मध्ये कायदा झाला. सात वर्षांच्या आतली मुलं आपल्याकडे द्या, असा अर्ज आईला कोर्टात करता येऊ लागला. मोठ्या मुलांना भेटायची परवानगी मागता येऊ लागली. आज आपल्याला हे किती किरकोळ वाटतं! पण आई म्हणून बाईला कायद्याने ओळखलं, ते इंग्लंडमध्ये पहिल्यांदाच.

कॅरोलिनला मात्र त्याचा उपयोग झाला नाही. हा कायदा स्कॉटलंडला लागू नव्हता आणि मुलं स्कॉटलंडमध्येच होती. १८४२ मध्ये ती यॉर्कशायरमध्ये वडिलांकडे असताना धाकटा विल्यम घोड्यावरून पडला. जखम साधीच होती, पण कुणी नीट लक्ष दिलं नाही आणि विष अंगात भिनलं. आईला निरोप गेला, ती धावली, पण पोहोचली तेव्हा सगळं संपलं होतं. यापुढे हे सगळं वाचवत नाही. त्यानंतर जॉर्ज थोडा नरमला, उरलेल्या दोन मुलांना तिच्याकडे येऊ देऊ लागला. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय!

एकदा चिकटलेली कुजबूज सहजी सुटत नाही, हे १८४५ मध्ये पुन्हा दिसलं. बाहेरून येणाऱ्या धान्यावर जकात लावणारे कायदे सरकार रद्द करणार, ही मंत्रिमंडळातली गुप्त गोष्ट ४ डिसेंबरला ‘टाइम्स’मध्ये छापून आली. कुणी फोडली? लगेच बोटं कॅरोलिनकडे! सिडनी हर्बर्ट नावाच्या देखण्या मंत्र्याने तिला सांगितलं म्हणे, आणि तिने पैसे घेऊन ‘टाइम्स’ला विकलं म्हणे. ही बातमी लॉर्ड अॅबर्डीन या मंत्र्याकडूनच संपादकांना मिळाली असं पुढे मान्य झालं. पण ती गेल्यानंतर आठ वर्षांनी, १८८५ मध्ये, जॉर्ज मेरेडिथ या लेखकाने याच अफवेवर अख्खी कादंबरी बेतली. ती खूप खपली. मग पुढच्या आवृत्त्यांत ही निव्वळ बदनामी आहे अशी टीप घालावी लागली. टीप किती जण वाचतात, हे मी तुम्हाला सांगायला नको. आणि ते सिडनी हर्बर्ट? त्यांच्या नावाला ओरखडासुद्धा आला नाही. युद्धमंत्री असताना १८५४ मध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेलना क्रिमियाच्या युद्धात पाठवणारे तेच.

मेलबर्न १८४८ मध्ये वारले. ती निर्दोष आहे असं त्यांनी मागे लिहून ठेवलं होतं, आणि तिला दरसाल काही रक्कम मिळावी अशी घरच्यांना विनंतीही केली होती. त्याच वर्षी नवऱ्याने वर्षाला पाचशे पौंड द्यायचे असा करार केला होता. पण आईकडून आणि मेलबर्नकडून तिला काही मिळतंय हे कळताच त्याने हात आखडता घेतला. १८५३ मध्ये देणेकऱ्याचा दावा कोर्टात आला आणि तिला साक्षीला उभं राहावं लागलं. तेव्हा नवऱ्याने भर कोर्टात पुन्हा मेलबर्नचं नाव काढलं, सतरा वर्षांपूर्वीचं! आणि त्या कराराचं काय? नवरा-बायको कायद्याने एकच, मग एक माणूस स्वतःशीच करार कसा करणार? करार कागदाच्या किमतीचा ठरला.

तिने पुन्हा लेखणी उचलली. १८५४ मध्ये बायकांविषयीच्या इंग्लंडच्या कायद्यांवर पुस्तक लिहिलं आणि १८५५ मध्ये थेट व्हिक्टोरिया राणीला जाहीर पत्र. देशाच्या गादीवर बाई बसलेली आणि तिच्या राज्यात लग्न झालेल्या बाईला स्वतःच्या नावाचं मृत्युपत्रसुद्धा करता येत नाही, हे तिने मुद्द्यामागून मुद्दा मांडून दाखवलं. १८५७ मध्ये नवा विवाह कायदा झाला. घटस्फोट पहिल्यांदाच साध्या कोर्टात आला. नवऱ्याने टाकलेल्या बायकोची कमाई तिची स्वतःची झाली. वेगळ्या झालेल्या बाईला करार करता येऊ लागला, दावा लावता येऊ लागला. अन्याय पुष्कळ उरलाच. नवऱ्याला बायकोचा व्यभिचार पुरे, बायकोला मात्र व्यभिचाराबरोबर छळ किंवा टाकून देणंही सिद्ध करावं लागे. तरी दार किलकिलं झालं होतं.

एक गोष्ट मी लपवणार नाही. कॅरोलिन आजच्या अर्थाने स्त्रीमुक्तीवाली नव्हती. पुरुष श्रेष्ठ असतो, हे तिला मान्य होतं आणि तिने तसं लिहिलंही. तिचं मागणं एवढंच, की श्रेष्ठ म्हणवता तर निदान संरक्षण तरी द्या. तिच्यानंतरच्या बायकांना हे पटलं नाही, मलाही पटत नाही. पण मोठमोठ्या विचारांपेक्षा बंद दाराआडून ऐकू आलेला मुलाचा आवाज बाईला कुठवर नेऊ शकतो, ते तिच्याकडे पाहून कळतं.

आपल्याकडे येणारा एक धागाही यात आहे. मोठ्या बहिणीचा, हेलनचा मुलगा म्हणजे लॉर्ड डफरिन, १८८४ ते १८८८ हिंदुस्थानचे व्हाइसरॉय. नेमक्या याच वर्षांत मुंबईच्या हायकोर्टात आपल्या रखमाबाईंचा खटला गाजत होता. नांदायला चल, असा नवऱ्याचा दावा. हे दाव्याचं हत्यारसुद्धा इंग्लंडच्या कायद्यातूनच आलेलं. तिथे असा हुकूम मोडणाऱ्याची कैद १८८४ मध्येच रद्द झाली होती, पण इथे १८८७ मध्ये रखमाबाईंना नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असं सांगण्यात आलं. त्यांनी तुरुंग पसंत केला. त्यांच्यावरही पेपरांतून काय काय गरळ ओकली गेली! शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली आणि रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या. मावशीने तिकडे जे सोसलं तेच भाच्याच्या राज्यात इथे चाललं होतं.

जॉर्ज नॉर्टन १८७५ मध्ये मेला तेव्हा ती मोकळी झाली. १८७७ च्या मार्चमध्ये तिने सर विल्यम स्टर्लिंग-मॅक्सवेल या जुन्या स्नेह्याशी लग्न केलं. वय एकोणसत्तरीला टेकलेलं. लोक बोललेच असतील, पण आता तिला पर्वा नव्हती. हे सुख तीन महिने टिकलं. त्याच जूनमध्ये ती गेली.

२०२१ मध्ये लंडनमधल्या तिच्या एका घरावर निळी पाटी लागली. पण मला जास्त आवडते ती दुसरी खूण. हाउस ऑफ लॉर्ड्सच्या सभागृहात भिंतीवर डॅनियल मॅक्लिसने न्यायदेवतेचं चित्र रंगवलंय, १८४९ सालचं. त्या न्यायदेवतेसाठी चित्रकारासमोर बसली होती कॅरोलिन. जिला न्याय मिळाला नाही तिचाच चेहरा, आणि तोही तिचं विधेयक फेटाळणाऱ्यांच्या सभागृहात!

तेव्हा पुढच्या वेळी क्रिकेट बघताना मेलबर्नचं नाव ऐकलं, तर चहा ओतता ओतता घरच्यांना या बाईची गोष्ट सांगा. आणि भिशीत, नळावर, मोबाइलवर एखाद्या पुढाऱ्याबरोबर एखादीचं नाव जोडलेली कंडी आली, तर ती पुढे सरकवण्याआधी घटकाभर थांबा. त्या पुढाऱ्याचं काही बिघडणार नाही. तिच्या घरी कदाचित लहान मुलं असतील.